साथीला बसलेला कान

झाशीहून ओरछा जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. तिथे फूलबागेजवळ लाला हरदौल यांची बैठक आहे. बुंदेलखंडात घरात लग्न निघाले की पहिले निमंत्रण हरदौलला जाते. ओरछ्याला जाणे जमले नाही तर गावातल्या हरदौलच्या चबुतऱ्यावर अक्षत ठेवून येतात. हरदौल हा सतराव्या शतकातला ओरछ्याचा राजपुत्र. थोरला भाऊ जुझारसिंह याला संशय आला की आपली राणी चंपावती आणि धाकटा भाऊ यांच्यात काहीतरी आहे. त्याने राणीलाच दिराला विष घालायला सांगितले. ताटात काय आहे हे हरदौलला कळले होते, तरी भावजयीवरचा आळ जावा म्हणून तो जेवला. लोककथा इथे संपत नाही. दतियाला दिलेली बहीण कुंजावती पुढे स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे सांगायला माहेरी आली. लग्नात मामाकडून जो आहेर येतो त्याला तिकडे भात म्हणतात. जिवंत भावाने तिला तसेच परत पाठवले. ती मेलेल्या भावाच्या समाधीवर जाऊन रडली, आणि लग्नाच्या दिवशी तो मेलेला भाऊ कुणाला न दिसता भात घेऊन हजर झाला, पंगतीत वाढू लागला. लग्नघरातल्या बायका हे गातात. मुलगी नव्या घरी जायला निघालेली असते आणि त्याच वेळी संशयाची, विषाची, पाठ फिरवणाऱ्या भावाची ही कहाणी सगळ्या जणी मिळून, ढोलकीवर गात असतात.

माझी आत्या लग्न होऊन झाशीला गेली. आतोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. 1895 सालापासूनच्या त्या कारखान्याने झाशीतली कित्येक घरे चालवली, त्यांत मराठी घरेही होती. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पंजाब मेलने जायचो. आत्याच्या घरी मराठी बोलायचे, पण रागावायचे हिंदीत. 1842 साली लक्ष्मीबाईंचे लग्न जिथे लागले त्या महाराष्ट्र गणेश मंदिरात ती भाद्रपदात आरतीला जायची आणि शेजारच्या बुंदेली घरांतल्या प्रत्येक लग्नात गायला बसायची. आतोबा गेले तेव्हा ती रडली नाही. तेराव्यापर्यंत सगळ्यांचे चहापाणी तिनेच पाहिले. नंतर तिची झोप गेली, छातीत धडधड सुरू झाली, तपासण्या झाल्या आणि सगळे ठीक निघाले. वर्षभराने शेजारच्या मुलीच्या लग्नात हरदौलचे गाणे सुरू झाले आणि ती मांडवातच हमसून रडू लागली. बायकांनी पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला, यजमानांची आठवण आली असेल म्हणाल्या. आम्हीही तेच म्हणालो. त्या गाण्यात नेमक्या कुठल्या जागी तिला रडू फुटले, हे कुणीच विचारले नाही.

मोठ्या माणसांच्या मानसोपचारात संगीताची आणि ऐकण्याची जागा कोणती, हा प्रश्न माझ्यासाठी त्या मांडवात सुरू झाला. इतक्या वर्षांनंतर माझे मत असे आहे: संगीत हे मनाच्या आजारावरचे औषध नव्हे. दोन माणसांना एकाच काळात बसवून एकमेकांकडे कान लावायला लावणे, हे त्याचे खरे काम. ते काम झाले की बोलण्याचा उपचार जिथे अडकलेला असतो तिथून पुढे सरकू शकतो. आपल्याकडे मात्र गाणे लावले म्हणजे उपचार झाला असे समजले जाते आणि कान लावण्याचे राहून जाते.

बोलण्याचा उपचार अडकतो कुठे? शब्दांपाशी. 2015-16 मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यांत उत्तर प्रदेशही होते. प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी उपचाराची गरज असलेला मानसिक आजार होता आणि निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. डॉक्टर कमी, अंतर लांब, लोकांची भीती, ही कारणे आहेतच. पण जो पोहोचतो त्याचीही अडचण असते. झाशीकडचा माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, जी घबराता है, मन नहीं लगता, सिर भारी रहता है. आपल्याकडचा माणूस म्हणतो, कशातच लक्ष लागत नाही, जीव घाबरा होतो, पोटात खड्डा पडल्यासारखे होते. चाळीस-पन्नास वर्षे ज्याने घर ओढले, त्याला ‘तुम्हाला काय वाटते?’ असा थेट प्रश्न विचारला तर तो घरातल्या इतरांना काय वाटते ते सांगतो. ही लपवाछपवी नसते. स्वतःविषयी बोलायची तालीमच त्याला कधी मिळालेली नसते.

यात आपल्या भाषेचाही हात आहे. मराठीत ‘तो माझे ऐकत नाही’ म्हणजे तो मी सांगितले तसे वागत नाही. ‘मोठ्यांचे ऐकावे’ म्हणजे आज्ञा पाळावी. ‘तिने सासूचे ऐकून घेतले’ यात बोलणी सोसणे आले, आणि ‘मी त्याला चांगले ऐकवले’ म्हणजे खरडपट्टी काढली. घरात ऐकण्याचा जवळजवळ सगळा व्यवहार हुकूम आणि सोसणे यांच्यात चालतो. मग घरातल्या कर्त्या माणसाचे सगळे ‘ऐकतात’, आणि तरी त्याचे कुणी कधी ऐकलेले नसते. आज्ञा आणि सहनशीलता यांच्या पलीकडचे, नुसते कान देऊन ऐकणे कुठे उरले आहे असे विचारले, तर मला एकच जागा आठवते: गाण्याची बैठक. तिथे ऐकणाऱ्याला काही पाळायचे नसते, काही सोसायचे नसते. तिथेच आपण ‘कानसेन’ हा शब्द घडवला आणि चांगल्या श्रोत्याला गायकाच्या शेजारी पाट मांडला. तानसेनाची कबर असलेले ग्वाल्हेर झाशीहून शंभरेक किलोमीटरवर आहे. कानसेनाची कबर कुठेच नाही.

आता ज्या समजुतीशी माझे भांडण आहे तिच्याकडे येतो. अमुक राग रक्तदाबाला, तमुक राग निद्रानाशाला, असे तक्ते मोबाइलवर फिरतात. आयोजक ते कार्यक्रमांत वाचून दाखवतात आणि श्रद्धाळू माणसे रात्री उशाशी तो राग लावून झोपतात. त्यामागे आख्यायिकाही आहेत. पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी इटलीत मुसोलिनीला पूरिया ऐकवून झोपवले, ही त्यांतली सर्वांत लाडकी. ती खरी असो वा नसो, तिच्यावरून तक्ता बनवणे चूक आहे. राग ही काही रासायनिक संयुगाची बाटली नाही. एकच दरबारी एका माणसाला गंभीर शांततेत नेईल आणि दुसऱ्याला वडील गेले त्या रात्री रेडिओवर काय चालू होते त्याची आठवण देईल. आणि ज्या झाशीकर मजुराने आयुष्यात दरबारी ऐकलेला नाही, ज्याचे कान फाग, आल्हा आणि देवीच्या गाण्यांवर वाढले, त्याच्यासाठी त्या तक्त्यात एकही ओळ नसते. त्याचे संगीत उपचाराच्या लायकीचे नाही असे आपण न बोलता सांगून टाकतो. हा अपमान आहे आणि तो मला सहन होत नाही.

मग संशोधन काय सांगते? 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात नैराश्यावरच्या संगीतोपचाराचे 9 अभ्यास आणि 421 रुग्ण तपासले गेले. निष्कर्ष सावध होता: नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर नजीकच्या काळात फरक दिसतो. मला त्याहून बोलका वाटतो तो 2011 साली प्रसिद्ध झालेला फिनलंडमधला, युव्हास्कुला इथला अभ्यास. नैराश्य असलेले 79 प्रौढ त्यात होते. काहींना फक्त नेहमीचा उपचार मिळाला, काहींना त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा अशी संगीतोपचाराची 20 सत्रे. तीन महिन्यांनी संगीताच्या गटात लक्षणीय सुधारणा झालेले 45 टक्के होते, दुसऱ्या गटात 22 टक्के. सहा महिन्यांनी दोन गटांतला फरक पुसट झाला होता, हेही तिथेच लिहिलेले आहे आणि ते लपवू नये. पण त्या सत्रांत घडत काय होते ते पाहा. कुणी कुणाला ध्वनिफीत ऐकवून घरी पाठवत नव्हते. रुग्णासमोर एक वाद्य आणि तेच वाद्य उपचारकासमोर. कुणालाही वादन येण्याची अट नाही. रुग्ण वाजवी, उपचारक त्याच्यासोबत वाजवी, मग दोघे त्यावर बोलत. झालेले वादन ध्वनिमुद्रित असे आणि ते परत ऐकता येई. आपल्या भाषेत सांगायचे तर तिथे साथ चालली होती.

साथ हा शब्द मला इथे फार मोलाचा वाटतो. दतिया झाशीपासून तीसेक किलोमीटरवर. तिथल्या दरबाराशी कुदऊसिंह या पखवाजियाचे नाव जोडलेले आहे, आणि त्यांनी गजपरण वाजवून माजलेल्या हत्तीला शांत केले अशी आख्यायिका पखवाजाच्या घराण्यांत सांगतात. मी तिला पुरावा म्हणत नाही. पण आख्यायिकेत शहाणपण कुठे दडले आहे ते पाहण्यासारखे आहे. पिसाळलेल्या हत्तीसमोर त्यांनी अंगाई वाजवली असे कुणी सांगत नाही. वाजवली ती गजपरण, नावातच हत्ती असलेली, जड पावलांची, दणदणीत बोलांची रचना. म्हणजे आधी हत्तीच्या चालीला जाऊन मिळायचे आणि मग पुढचे. 1940 च्या दशकात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एलॉइझ इस्पितळात आयरा आल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञाने हीच गोष्ट वैद्यकाच्या भाषेत मांडली. रुग्णाची मनःस्थिती ज्या लयीत आणि ज्या रंगात आहे तिथून संगीत सुरू करावे, आणि मग हळूहळू दुसरीकडे न्यावे. उदास माणसाला उडत्या चालीचे गाणे लावून दिले तर तो आणखी एकटा पडतो, कारण त्या खोलीत आता उदास तो एकटाच उरतो. कुणी रडत असेल तर त्याच्याजवळ जाऊन आपण आवाज खाली आणतो, हे न शिकता आपल्याला येते. दवाखान्यात, समुपदेशनाच्या खोलीत आणि नातेवाइकांच्या बैठकीत मात्र आपण ते विसरतो आणि ‘अरे, आनंदी राहा’ म्हणतो.

तबल्याच्या साथीला बसलेला माणूस काय करतो? विलंबित ख्यालात तो ठेका धरून राहतो. गायक कितीही दूर गेला, कितीही घुटमळला, तरी आवर्तन पुरे होणार आहे आणि सम येणार आहे याची हमी तो देतो. तो मध्ये पडत नाही. पण तो झोपलेलाही नसतो. गायकाने श्वास कुठे घेतला ते त्याला कळलेले असते. पेटीवाला गायकाची जागा उमटल्यावर तिची सावली मागे काढतो, पुढे धावत नाही. चांगल्या उपचारकाचे वर्णन मला याहून नेमके करता येणार नाही. फ्रॉइडने 1912 साली डॉक्टरांना सल्ला देताना ऐकणाऱ्याला टेलिफोनच्या रिसीव्हरची उपमा दिली होती, आणि 1914 च्या आपल्या मायकेलअँजेलोवरच्या लेखात संगीतातून आपल्याला जवळजवळ काहीच आनंद मिळत नाही अशी प्रांजळ कबुलीही दिली होती. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. बोलून बरे करण्याची विद्या ज्याने उभी केली त्याचा कान अर्थाकडे वळलेला होता, सुराकडे नव्हता. रिसीव्हर सगळे घेतो, पण ठेका धरत नाही. पुढच्या पिढ्यांनी ते बदलले. बाळ आणि आई शब्दांच्या आधी सूर, लय आणि थांबे यांतून एकमेकांना जुळतात, हे डॅनिएल स्टर्न यांनी 1985 च्या पुस्तकात दाखवले. उपचार आणि नाते यांवरच्या 295 अभ्यासांचा 2018 मध्ये एकत्र हिशेब झाला, त्यांत 30 हजारांहून जास्त रुग्ण होते. रुग्ण आणि उपचारक यांची जोडी जितकी घट्ट जुळते तितका उपचार लागू पडण्याचा कल दिसतो, मग उपचाराची पद्धत कोणती का असेना. जुळणे हा शब्द आपण तंबोऱ्यासाठीही वापरतो.

हा कान जन्मतः कुणालाच नसतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणे शिकायला दक्षिणेतून ग्वाल्हेरकडे गेले आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहिले. त्या काळी गुरुगृही राहणे म्हणजे वर्षानुवर्षे मुख्यतः ऐकणे. उपचारकांच्या शिक्षणात सिद्धांत, निदान, प्रश्नावल्या सगळे असते. मला वाटते त्यात एक वर्ष कुणाच्या तरी शेजारी तंबोरा धरून बसायला लावावे. जवारी लागली की नाही हे ज्याला कळू लागते, त्याला समोरच्या माणसाचा आवाज ‘बरे आहे’ म्हणताना कणसूर लागला हेही कळू लागते. खोल नैराश्यात बोलणे संथ होते, सपाट होते, थांबे लांबतात. लक्षणांच्या यादीत ते असतेच, पण वाचून कळणे आणि कानाला कळणे वेगळे. मराठी मुलखात याची एक खूण मला दिसते. 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते डॉ. अनिता अवचट, अनिल अवचट, डॉ. आनंद नाडकर्णी आणि देणगी देणारे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्यामुळे. पु. ल. पेटीवाले, अवचट बासरीवाले आणि गाणारे. व्यसनी माणसाला उपदेश न करता त्याच्या शेजारी बसायचे, हा त्या घराचा स्वभाव. गाण्यामुळेच तो घडला असे मी म्हणणार नाही, पण साथीला बसायची सवय असलेल्या माणसांना हे सुचावे याचे मला आश्चर्य वाटत नाही.

प्रत्यक्ष सत्रात हे कसे आणायचे? इथे मी नवीन शोध सांगत नाही, फक्त साधेपणाचा आग्रह धरतो. पहिल्या भेटीत झोप, भूक, औषधे, घरची माणसे विचारतात, तसे आणखी एक विचारावे: तुमच्या घरात काय ऐकले जायचे? पहाटे कोण गायचे, रेडिओवर काय लागायचे, कुठले गाणे लागले की कुणी उठून जायचे? झाशीचा माणूस असेल तर आकाशवाणी छतरपूरवरची बुंदेली गाणी निघतील, होळीतला फाग निघेल. नर्मदेच्या वाटेवर गायचे लमटेरे निघतील, ते लांबवत नेलेले सूर, ज्यांत एक टोळी म्हणते आणि दुसरी उचलते. माऊरानीपूरजवळच्या ईसुरी या लोककवीने आपल्या चौकडिया फागांत रजऊ नावाच्या प्रियतमेला हाक मारली आणि बुंदेलखंडातल्या पुरुषांना एक सोय करून दिली. ‘मला एकटे वाटते’ असे जो माणूस मरेपर्यंत म्हणणार नाही, तो ढोलकीवर रजऊला हाक मारतो आणि कुणी त्याला कमकुवत म्हणत नाही. उपचारकाने ही सोय वापरावी.

मग एखाद्या भेटीत रुग्णाने निवडलेले एकच गाणे दोघांनी मिळून ऐकावे. कानात यंत्रे घालून वेगवेगळे ऐकू नये, खोलीत लावावे, म्हणजे तोच आवाज दोघांच्या अंगावर पडतो. चार-पाच मिनिटे उपचारकाने वहीत काही लिहू नये. गाणे संपल्यावर लगेच बोलू नये. तंबोऱ्याची तार छेडून झाल्यावर जी आस उरते तिच्यासाठी जागा ठेवावी. बहुतेक वेळा माणूस स्वतःहून बोलतो, आणि बोलतो ते गाण्याविषयी नसते. न बोलला तर ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न सर्वांत निकामी. ‘कुठल्या जागी लागले?’ हा उपयोगाचा. जागा हा शब्द गाण्यातही आहे आणि दुखण्यातही, म्हणून मराठी माणसाला तो लगेच कळतो. छातीत, घशात, पोटात, माणूस हात ठेवून दाखवतो. ‘सिर भारी रहता है’ म्हणत जो सहा डॉक्टरांकडे फिरून आला, त्याला स्वतःच्या शरीराची बातमी अशी पहिल्यांदा मिळते.

यासाठी उपचारकाला गाता यायला नको. पण एक भेद स्पष्ट ठेवायला हवा. संगीतोपचारक हा वेगळा प्रशिक्षित माणूस असतो. आपल्या सत्रात गाणे आणणारा मानसशास्त्रज्ञ म्हणजे संगीतोपचारक नव्हे, आणि गाण्याचे क्लास चालवणारा तर या दोघांपैकी कुणीच नव्हे. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, ज्याला भास होत आहेत, ज्याची झोप उडून उत्साह अनावर झाला आहे, त्याला मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे लागतात. तिथे आधी भैरवी ऐकू या म्हणणे हा गुन्हा आहे. टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, तो प्रत्येक घरात लिहून ठेवावा. आणि संगीत इजाही करते. एखाद्या बाईला लग्नातल्या बँडचा आवाज म्हणजे तिच्यावर झालेल्या जबरदस्तीची रात्र असू शकते, एखाद्या बापाला गणपतीची आरती म्हणजे विसर्जनात बुडालेला मुलगा. म्हणून गाणे निवडायचे रुग्णाने, आणि ते मध्येच बंद करायचा हक्कही त्याचाच.

एक आक्षेप मला जास्त छळतो आणि तो बाहेरून आलेला नाही, माझ्याच मनातला आहे. हरदौलची गाणी शेकडो वर्षे गायली जात आहेत, मग बुंदेली बायकांची दुःखे हलकी झाली का? आपल्याकडे गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. सासर, माहेर, भाऊ, सवत, दारू, पाऊस, काय नाही त्यांत? पहाटेच्या अंधारात एकीने ओढायचे, दुसरीने हात लावायचा, आणि घरात एरवी जिचा शब्द निघत नाही तिने दगडाला सांगायचे. त्या ओव्यांची थोरवी मी मान्य करतो. पण दगड उत्तर देत नाही, आणि घरातला पुरुष तिथेच झोपलेला असतो, त्याला ते रोज ऐकू येते आणि तरी काही बदलत नाही. लोकगीत खासगी दुःख सगळ्यांचे करते. त्यामुळे ते सोसवते, आणि त्यामुळेच ते झाकलेही जाते. ‘सगळ्या बायकांचे असेच असते’ हे सांत्वन आहे आणि तोंडावर ठेवलेला हातही आहे. उपचाराचे काम नेमके उलट्या दिशेचे. सगळ्यांच्या गाण्यातून एका माणसापर्यंत परत यायचे. कुंजावती सगळ्यांची, पण तुझ्या घरातला तो भाऊ कोण?

हे मला फार उशिरा सुचले. आतोबांना जाऊन बरीच वर्षे झाल्यावर मी एकटा झाशीला गेलो होतो. संध्याकाळी अंगणात बसलो असताना दूर कुठेतरी तेच गाणे लागले. मी विचारले, “आत्या, तेव्हा मांडवात तुला कुठल्या जागी रडू आलं होतं?” ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही. मग म्हणाली, “भाई ने लौटा दिया म्हणतात ना, तिथं.” तिच्या मुलीच्या लग्नात मामा आला नव्हता. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो, तेव्हा शेजारचे एक गृहस्थ मामा म्हणून उभे राहिले होते. गावच्या घराच्या वाटणीवरून तेढ होती. न आलेला तो मामा म्हणजे माझे वडील. आतोबांसाठी ती रडत नव्हती. आतोबांचे दुःख तिला पेलवत होते. जिवंत भावाचे तिला कुणापाशी बोलता येत नव्हते, माझ्यापाशी तर नाहीच. गाण्याने तिच्यासाठी दार वर्षांपूर्वीच उघडले होते. आम्ही सगळे बाहेर उभे राहून तिच्या वैधव्याचे सांत्वन करत राहिलो.

मराठी माणूस झाशीत आला तो आवाज करत. 1742 पासूनचा तिथला पेशव्यांचा सुभेदार नारो शंकर. नाशिकला गोदाकाठी त्याने बांधलेल्या देवळावरची घंटा इतकी गाजली की मोठ्याने बोलणाऱ्याला आपण अजून नारोशंकराची घंटा म्हणतो. पण झाशीचे जे मराठी पुस्तक मी पुन्हा पुन्हा उघडतो ते हळू आवाजातले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेसाठी उत्तरेत गेले आणि 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले तेव्हा झाशीत अडकले. कत्तल, जळलेली घरे, रस्त्यातली प्रेते हे सगळे त्यांनी पाहिले. परत येऊन त्यांनी प्रपंच केला. सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामण विनायक वैद्यांनी त्यांना ते लिहून काढायला सांगितले, तेव्हा ‘माझा प्रवास’ लिहिला गेला. छापला गेला तो 1907 साली, भटजींच्या मागे. पंचवीस वर्षे ते सगळे त्या माणसाच्या आत तारखांसकट, वासांसकट, जसेच्या तसे होते. इतिहासकार त्यातल्या चुका दाखवतात, आणि दाखवाव्यात. मी ते वाचताना वैद्यांचा विचार करतो. गावातल्या एका वृद्ध भिक्षुकाला, तुम्ही काय पाहिलेत ते सांगा, असे कुणीतरी म्हणाले होते.

आत्याने त्या संध्याकाळी पुढे बरेच सांगितले. ते तिचे आहे, इथे लिहिणार नाही. सांगताना तिचा आवाज मध्ये दोनदा वर गेला, मग खाली आला, आणि एका क्षणी ती तेच गाणे गुणगुणू लागली, अर्धी ओळ सोडून. मला शब्द येत नव्हते. मी मांडीवर ठेका धरला.